काट्यांतले सोने आणि त्याचे वाटेकरी

हिमालयापलीकडच्या उंच, कोरड्या प्रदेशाकडे मैदानातली माणसे पाहू लागली, की त्यांना तिथे एखादी चमत्कारी वनस्पती हटकून सापडते. ही सवय फार जुनी आहे. विल्यम मूरक्रॉफ्ट हा पेशाने पशुवैद्य आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या अश्वपैदास केंद्राचा प्रमुख. कंपनीच्या फौजेसाठी मध्य आशियातील उमदे घोडे मिळवावेत, या हेतूने निघालेला हा गृहस्थ १८२० मध्ये लेहला पोचला आणि सुमारे दोन वर्षे लडाखात राहिला. यारकंदकडे जाण्याची परवानगी त्याला शेवटपर्यंत मिळाली नाही. पण लडाखमधली एक चारा-वनस्पती त्याच्या मनात भरली. तिचे नाव प्रँगोस. डोंगरउतारावर आपोआप वाढणारी, न खत मागणारी, न नांगरट मागणारी ही वनस्पती इंग्लंडच्या निकृष्ट जमिनींचे भाग्य पालटून टाकील, असे त्याला मनापासून वाटे. बिया इंग्लंडला रवाना झाल्या, वनस्पतिशास्त्रज्ञांनी तिचे नामकरण केले, कृषितज्ज्ञांत चर्चा झडल्या. चाऱ्याचे पीक म्हणून ती तिथे कधीच रुजली नाही. लडाखच्या पश्चिमेकडील खोऱ्यांतले शेतकरी मात्र आजही ती कापतात, वाळवतात आणि हिवाळ्यात जनावरांपुढे टाकतात. चमत्कार ओसरला, वनस्पती आणि तिला ओळखणारी माणसे तेवढी जागेवर राहिली.

दोनशे वर्षांनी त्याच लडाखातले एक काटेरी झुडूप पुन्हा तशाच अपेक्षांचे ओझे वाहते आहे. इंग्रजीत त्याला सीबकथॉर्न म्हणतात. नोव्हेंबर २०२३ मध्ये लडाखच्या सीबकथॉर्नला भौगोलिक मानांकन मिळाले. पश्मिना, 'रक्तसे कारपो' ही जर्दाळूची जात आणि लाकडावरील कोरीवकाम यांच्यानंतर या प्रदेशाला मिळालेले हे चौथे मानांकन. त्याच सुमारास तिथे या झुडपाची प्रायोगिक तत्त्वावर व्यापारी लागवडही हाती घेण्यात आली. 'विस्मयकारी फळ', 'लडाखचे सोने' अशा विशेषणांची वृत्तपत्रांत तेव्हापासून रेलचेल आहे. या विशेषणांमागे जे झुडूप उभे आहे त्याची, आणि आजवर जी माणसे ते झुडूप हाताळत आली त्यांची ओळख करून घेणे, हे आता केवळ कुतूहलाचे काम राहिलेले नाही. रानातल्या एका वस्तूचे पीक होते, तेव्हा तिचे मालकही बहुधा बदलतात.

हे झुडूप दिसायला काही विशेष नाही. राखाडी-रुपेरी, अरुंद पाने. अंगभर अणकुचीदार काटे. माणसाच्या उंचीपासून लहानशा झाडाच्या उंचीपर्यंत कुठेही थांबणारी वाढ. शरद ऋतूत मात्र फांद्या नारिंगी-पिवळ्या, वाटाण्याएवढ्या फळांनी अशा लगडतात, की फांदीची साल दिसू नये. फळ कमालीचे आंबट असते. 'क' जीवनसत्त्वाच्या बाबतीत ते संत्र्या-लिंबांच्या कितीतरी पुढे आहे. बहुतेक फळांत तेल असलेच तर बियांत असते; इथे बियांत तर ते आहेच, पण गरातही आहे, आणि या दोन तेलांची जडणघडण वेगवेगळी आहे. त्यामुळे एकाच फळातून रस, गर, दोन प्रकारची तेले आणि पानांपासून चहासारखे पेय एवढे सगळे निघते. ग्रीक भाषेतून आलेल्या त्याच्या शास्त्रीय नावाचा, हिप्पोफेचा, अर्थ 'चकाकणारा घोडा' असा सांगतात. या झुडपाचा पाला खाऊ घातलेल्या घोड्यांच्या अंगावर तकाकी येते, असा प्राचीन ग्रीकांचा समज होता. घोड्यांच्या शोधात लडाखला गेलेल्या मूरक्रॉफ्टची त्यामुळे उगाच आठवण होते.

भारतात त्याच्या प्रमुख तीन जाती आढळतात. लडाखच्या सिंधू, नुब्रा, श्योक आणि सुरू नद्यांच्या खोऱ्यांत जी आहे तिच्या उपजातीचे नावच तुर्कस्तानावरून पडले आहे. विलोसारखी पाने असलेली, अधिक उंच वाढणारी दुसरी जात उत्तराखंड आणि सिक्कीमच्या ओलसर भागांत भेटते. तिसरी अगदी खुजी, जमिनीलगत पसरणारी, सर्वांत जास्त उंचीवर तग धरणारी. नावेही प्रदेशागणिक बदलतात. लडाखमध्ये त्सेरमांग, लाहौल-स्पितीत छरमा, उत्तराखंडात अमेस. सोवा-रिग्पा या हिमालयीन वैद्यकपरंपरेच्या ग्रंथांत ते 'तारबू' या नावाने येते आणि छातीच्या व पचनाच्या विकारांवर वापरले जाते. ज्या वनस्पतीला इतक्या बोलींत स्वतःचे नाव आहे, तिला 'अज्ञात' कसे म्हणावे? ती अज्ञात होती ती दिल्लीला.

दुसऱ्या झाडाच्या आधाराने जगण्याचे वनस्पतींत अनेक प्रकार आहेत. अमरवेल यजमान झाडाला वेढते आणि पिळून काढते. बांडगूळ फांदीवर बसून तिचा रस ओढते. ज्याचा आपण एवढा गौरव करतो ते चंदनही जमिनीखाली शेजारच्या झाडांच्या मुळांना आपली मुळे चिकटवून त्यांच्याकडून पाणी आणि क्षार घेते; म्हणूनच चंदन लावताना शेजारी तूर किंवा तत्सम यजमान झाड लावावे लागते. सीबकथॉर्नचा व्यवहार याच्या उलट आहे. त्याच्या मुळांवरच्या गाठींत फ्रँकिया नावाचे सूक्ष्मजीव राहतात. झुडूप त्यांना साखर पुरवते, ते हवेतला नत्र पकडून झुडपाला देतात, आणि पानगळीतून, मुळांच्या कुजण्यातून त्यातला काही भाग जमिनीला मिळतो. ज्या वाळूत आणि गोट्यांत दुसरे काही उगवत नाही तिथे हे झुडूप पहिले पाऊल टाकते. मग त्याच्या सावलीत गवत येते, त्यामागून इतर झुडपे येतात. मुळांतून नवे कोंब फोडत ते आडवे पसरते आणि नदीकाठची भुसभुशीत माती जाळ्यात धरावी तशी धरून ठेवते. ऑगस्ट २०१० मधल्या ढगफुटीने लेहच्या परिसरात दोनशेहून अधिक माणसांचा बळी घेतला. चिखलाच्या लोंढ्यांनी वस्त्या पुसल्या. अशा लोंढ्यापुढे कोणतेही झुडूप टिकणार नाही, हे खरे. पण वनस्पतीचे आवरण नसलेल्या उतारांवर पाऊस पडला की काय होते, हे त्या रात्रीनंतर लडाखला वेगळे सांगावे लागत नाही.

लडाखी शेतकऱ्याला यातले शास्त्र ठाऊक नसेल. उपयोग पुरेपूर ठाऊक होता. काटेरी फांद्या शेताच्या दगडी बांधांवर रचून गुरांना अडवायचे, वाळलेल्या फांद्या चुलीत घालायच्या, फळांचा आंबट रस औषधापुरता काढायचा, असा त्याचा वापर होता. नुब्रा खोऱ्यातील हुंडर गावाजवळ पर्यटक ज्या दोन मदारींच्या उंटांवर बसून छायाचित्रे काढतात, ते उंटही याच झुडपांवर चरतात. यारकंद आणि लेह यांच्यामध्ये काराकोरम खिंडीतून जो व्यापार चाले, त्याच्या काफिल्यांतले हे उंट. विसाव्या शतकाच्या मध्यावर सीमा बंद झाली, व्यापार थांबला आणि उंट इकडेच राहिले. नुब्रा हे एके काळी आशियाच्या एका हमरस्त्यावरचे गाव होते. सीमा बंद झाल्यावर ते रस्त्याचे शेवटचे टोक झाले. सीबकथॉर्नच्या अर्थकारणाकडे पाहताना हा इतिहास विसरता येत नाही. ज्या प्रदेशाचा व्यापार एका पिढीत संपला आणि ज्याच्या एकूण भूभागाचा अगदी नगण्य हिस्सा लागवडीखाली येऊ शकतो, तिथे रोख पैसा देणारे एखादे फळ म्हणजे मोठी गोष्ट असते.

जगात या झुडपाचा विचार दोन देशांनी दीर्घकाळ आणि चिकाटीने केला. त्यांचे मार्ग वेगळे होते. सायबेरियाच्या अल्ताई प्रदेशात १९३० च्या दशकापासून मिखाईल लिसावेन्को आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याच्या वाणांची निवड व पैदास सुरू केली. रानातल्या झुडपाचे फळ बारीक, देठ तोकडा आणि काटे विपुल. त्यांतून त्यांनी मोठ्या फळाचे, लांब देठाचे आणि कमी काट्यांचे वाण काही दशकांच्या परिश्रमाने घडवले. फळाचे तेल सोव्हिएत वैद्यकात भाजलेल्या जखमांवर रूढ झाले. रशियाने अशा प्रकारे झुडपाचे बागायती पीक केले. चीनने त्याला मातीचा पहारेकरी केले. पीत नदीच्या खोऱ्यातील लोएस पठाराची माती वर्षानुवर्षे नदीत वाहून जात होती. १९८५ मध्ये तत्कालीन जलसंपदा मंत्री च्यन चंगयिंग यांनी या पठारावर सीबकथॉर्नची लागवड करावी असा आग्रह धरला आणि तिथून एक प्रचंड कार्यक्रम उभा राहिला. आज चीनमधील या झुडपाखालचे क्षेत्र दहा लाख हेक्टरांहून अधिक आहे. तिथे माती धरणे हा पहिला हेतू होता. फळांवरचा उद्योग त्यामागून आला. रशियात आधी वाण आणि मग बागा, चीनमध्ये आधी माती आणि मग बाजार, असा हा क्रम आहे.

भारताचा क्रम तिसराच ठरला. आपल्याकडे आधी पेय आले. १९६२ च्या युद्धानंतर लडाखमध्ये मोठे सैन्य कायमचे तैनात झाले आणि त्याला ताजे अन्न कुठून आणायचे, हा प्रश्न उभा राहिला. लेहमधील संरक्षण संशोधन संस्थेने तिथल्या हवामानात भाजीपाला पिकवण्याचे जे काम केले, त्याला तोड नाही. आज 'संरक्षण उच्च-उंची संशोधन संस्था' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या याच संस्थेने सीबकथॉर्नच्या फळातून टिकाऊ रस काढण्याचे तंत्र विकसित केले. या शतकाच्या अगदी प्रारंभी 'लेह बेरी' या नावाने ते पेय बाजारात आले, आणि उंचावरच्या ठाण्यांतील जवानांपर्यंतही पोचले. पुढे २०१० मध्ये केंद्रीय पर्यावरण मंत्रालय आणि संरक्षण संशोधन व विकास संघटना यांनी मिळून हिमालयातील शीत वाळवंटी प्रदेशांत सीबकथॉर्नच्या लागवडीचा राष्ट्रीय उपक्रम जाहीर केला. त्यानंतर २०२३ मध्ये मानांकन आले. दोन दशकांच्या या प्रवासानंतर भारतातील या झुडपाचे क्षेत्र सुमारे १३ हजार हेक्टर मानले जाते आणि त्यातील ७० टक्क्यांहून अधिक एकट्या लडाखमध्ये आहे. यातले जवळजवळ सगळे नैसर्गिक आहे. कोणी लावलेले नाही. घोषणा आणि लागवड यांच्यातले हे अंतर नीट पाहिले पाहिजे, कारण त्याची कारणे सरकारी अनास्थेत जितकी आहेत तितकीच झुडपाच्या स्वभावातही आहेत.

पहिले कारण म्हणजे त्याचे लिंग. पपईप्रमाणे सीबकथॉर्नमध्येही नर आणि मादी झाडे वेगळी असतात. बी पेरून केलेले रोप नर निघाले की मादी, हे पहिली फुले येईपर्यंत, म्हणजे साधारण तीन-चार वर्षे, कळत नाही. परागण वाऱ्याने होते. म्हणून नर झाडे हवीत, पण मोजकीच हवीत आणि वाऱ्याच्या दिशेचा विचार करून लावलेली हवीत. याचा अर्थ बियांपासून झुडपे उभी करणे वनीकरणाला ठीक आहे, पण फळबागेसाठी ओळखीच्या झाडांच्या फाटे-कलमांपासूनच रोपे केली पाहिजेत. ज्याला लडाखची निवडक मादी झाडे, त्यांच्या फळाचा आकार, गोडवा, तेलाचे प्रमाण यांची नोंद ठेवायची आहे, त्याला दहा-वीस वर्षांचा संयम लागतो. आपल्या योजना मात्र पाच वर्षांच्या असतात आणि त्यांचे यश लावलेल्या रोपांच्या संख्येत मोजले जाते. त्यांतली किती मादी, किती जगली, कितींना फळ धरले, या रकान्यांना प्रपत्रात जागा नसते. सरकारी नोकरीत अशी प्रपत्रे मी पुष्कळ भरली आणि त्याहून पुष्कळ तपासली आहेत. ज्या गोष्टीला रकाना नसतो ती हळूहळू कामातूनही गळते.

दुसरे कारण पाणी. हे झुडूप 'दुष्काळातही तगणारे' म्हणून वर्णिले जाते आणि त्यामुळे उघड्या बोडक्या डोंगरउतारांवर त्याची लागवड सुचवली जाते. पण लडाखमध्ये वर्षभरात जेमतेम शंभर मिलिमीटर पाऊस पडतो. तिथली नैसर्गिक राने पाहिली तर ती नदीच्या पात्रात, ओढ्याच्या काठी, जिथे मुळांना खालचे पाणी मिळते तिथेच दाट आहेत. थंडी, वारा, खारट जमीन हे सगळे तो सोसतो; पण कोवळ्या रोपाला पहिली काही वर्षे पाणी हवेच. लडाखच्या गावांत हिमनद्यांच्या ओढ्याचे पाणी कोणत्या शेताला कधी मिळायचे, हे गावाने नेमलेला छुरपोन ठरवतो. सातू आणि गहू, भाजीपाला आणि जर्दाळू यांच्यात आधीच वाटले गेलेले हे पाणी नव्या झुडपाला द्यायचे तर कोणाचे तरी पाणी कमी होणार. त्यात बर्फ कमी पडण्याची आणि हिमनद्या मागे सरकण्याची चिंता वेगळीच. लागवडीचा आराखडा लेहच्या कार्यालयात होवो किंवा दिल्लीत; त्यावर छुरपोनची सही नसेल, तर तो कागदावरच राहील.

तिसरे कारण काढणी, आणि खरी मेख इथेच आहे. आंबा किंवा जांभूळ पिकले की देठातून सुटते. सीबकथॉर्नचे फळ पिकले तरी फांदीला घट्ट चिकटून राहते. ते ओढावे तर फुटते. भोवती काटे असतात. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये लडाखच्या स्त्रिया झुडपाखाली कापड अंथरून फांद्यांना काठीने बडवतात, पडलेला फळे-पाने-काड्यांचा ढीग निवडतात, आणि हातांवरचे ओरखडे घेऊन घरी जातात. काम सोपे व्हावे म्हणून फळांनी भरलेली फांदीच तोडली, तर त्या दिवशी वजन झपाट्याने भरते. पण या झुडपाला फळ मागील वर्षीच्या लाकडावर धरते, त्यामुळे तोडलेल्या फांदीची किंमत पुढच्या वर्षांत मोजावी लागते. फळ नाजूक, रस लवकर आंबणारा. तो काही तासांत गाळून थंड ठिकाणी किंवा प्रक्रिया केंद्रात पोचवावा लागतो. बर्फामुळे बाहेरचे रस्ते बंद होण्याआधी माल खाली गेला नाही, तर तो तिथेच राहतो. म्हणजे अवघ्या काही आठवड्यांत, काट्यांतून, हाताने, दूरवरच्या खोऱ्यांत हे सगळे उरकावे लागते. या कामाचे मोल काय, हा प्रश्न बाजाराने अजून प्रामाणिकपणे विचारलेला नाही. दिल्ली-मुंबईच्या दुकानांत जे पेय आरोग्यवर्धक म्हणून चढ्या दराने विकले जाते आणि जे तेल लहान कुप्यांत सौंदर्यप्रसाधन म्हणून मिळते, त्याच्या किमतीतला सर्वांत लहान वाटा काटे सोसणाऱ्या हातांचा असतो. गर विकणारे गाव आणि कुपी विकणारे शहर यांच्यामध्ये जी मूल्यवृद्धी होते, ती जवळजवळ सगळी लडाखच्या बाहेर होते.

आता प्रश्न मालकीचा. आजवर गोळा होणारे बहुतेक फळ नदीपात्रातल्या आणि गावकुसाबाहेरच्या नैसर्गिक रानांतले आहे. ही जमीन कोणाच्या सातबाऱ्यावर नाही. गावाचा वापर मात्र पिढ्यान्‌पिढ्यांचा आहे. कोणी किती फांद्या कुंपणाला न्याव्या, कोणाची गुरे कुठे चरावी, हे गाव ठरवत आले. अशा सामाईक जमिनीवरच्या वस्तूला बाजारभाव आला की दोन गोष्टी संभवतात. एक, सर्वांनी ओरबाडणे. दुसरी, कोणीतरी कागद आणून कुंपण घालणे. दोन्हींची उदाहरणे भारतातल्या वनउपजांच्या इतिहासात भरपूर आहेत. २००६ चा वनहक्क कायदा गौण वनउपजावर ते गोळा करणाऱ्या आदिवासी आणि परंपरागत वननिवासी समाजांचा मालकी हक्क मान्य करतो. लडाखला तो ३१ ऑक्टोबर २०१९ नंतर, केंद्रशासित प्रदेशाच्या निर्मितीबरोबर लागू झाला. पण हा हक्क आपोआप मिळत नाही. ग्रामसभेने दावा करावा लागतो, सीमा दाखवाव्या लागतात, पुरावे जोडावे लागतात. जिथे नदीपात्राची नोंद वन म्हणून नाही, तिथे हा कायदा मदतीला येतोच असेही नाही. लडाखमध्ये गेली काही वर्षे जमिनीच्या आणि स्थानिक स्वायत्ततेच्या घटनात्मक संरक्षणाची, सहाव्या अनुसूचीची, जी मागणी जोर धरून आहे तिच्याकडे केवळ राजकीय आंदोलन म्हणून पाहणाऱ्यांनी या झुडपाच्या निमित्ताने तिचा साधा आर्थिक अर्थ ध्यानात घ्यावा. उद्या हजारो हेक्टरांवर लागवड व्हायची असेल, तर ती कोणाच्या जमिनीवर, कोणाच्या संमतीने आणि कोणत्या भाडेपट्ट्याने, हा प्रश्न लडाखी माणसाला आजच पडणे स्वाभाविक आहे.

दुसरा कायदा २००२ चा जैवविविधता कायदा. जैविक साधनसंपत्तीतून जो नफा मिळवतो त्याने तिचे जतन करणाऱ्या समाजाला वाटा द्यावा, हे त्याचे सूत्र. ही जबाबदारी केवळ परदेशी कंपन्यांची नसून भारतीय कंपन्यांचीही आहे, असा महत्त्वाचा निर्णय उत्तराखंड उच्च न्यायालयाने डिसेंबर २०१८ मध्ये दिला. त्यानंतर २०२३ मध्ये संसदेने कायद्यात दुरुस्ती केली. लागवड केलेल्या औषधी वनस्पती आणि ग्रंथबद्ध पारंपरिक ज्ञान यांच्या वापराला लाभवाटपाच्या अटींतून बरीच सूट मिळाली. उद्देश चांगला होता. रानावरचा ताण कमी व्हावा आणि वैद्य व शेतकरी यांना परवान्यांचा जाच होऊ नये. पण सीबकथॉर्नच्या बाबतीत या दोन सवलतींचा एकत्रित परिणाम काय होईल, याचा विचार व्हायला हवा. हे झुडूप सोवा-रिग्पाच्या ग्रंथांत आहे, म्हणजे त्याचे ज्ञान ग्रंथबद्ध. ते शेतात लावले, म्हणजे लागवडीखालचे. मग ज्या नुब्राच्या किंवा सुरूच्या रानातून त्या शेतातल्या रोपाचे फाटे आणले, त्या रानाला सांभाळणाऱ्या गावाला काय मिळणार? रानातून शेतात आलेली वनस्पती कायद्याच्या दृष्टीने जणू नव्याने जन्म घेते आणि तिची पूर्वपिढी पुसली जाते. लागवड ही प्रगती आहे, यात वाद नाही. पण तिने रानाचे ऋण फेडण्याऐवजी ते खोडून टाकले, तर तो व्यवहार अमरवेलीचा होईल.

भौगोलिक मानांकनाकडूनही आपण भलत्या अपेक्षा ठेवू नयेत. मानांकन म्हणजे नाव वापरण्याचा हक्क. तो हक्क मिळतो नोंदणीकृत वापरकर्त्यांना. दार्जिलिंगच्या चहाला २००४ मध्ये देशातले पहिले मानांकन मिळाले. त्यामुळे नावाची प्रतिष्ठा वाढली, पण मळ्यांतल्या मजुरांच्या वेतनाचा प्रश्न त्यामुळे सुटला असे कोणी म्हणणार नाही. लडाखच्या मानांकनाचे नोंदणीकृत वापरकर्ते कोण असतील? फळे गोळा करणाऱ्या बायकांचे बचत गट की गर विकत घेणारे बाहेरचे व्यापारी? या एका यादीवरून मानांकनाचे फळ कोणाच्या ओंजळीत पडणार, ते समजेल.

असे काही हिमालयात पूर्वी जमले आहे काय? जमले आहे, आणि लांब जायची गरज नाही. रोहतांगच्या पलीकडे लाहौल खोऱ्यात एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर मोरावियन मिशनरी आले. त्यांनी केलाँगला वस्ती केली आणि सोबत बटाटा आणला. थंड, कोरडी हवा आणि रोगांचा अभाव यांमुळे लाहौलचा बटाटा बियाण्यासाठी उत्तम ठरला. पण चांगले बियाणे पिकवणे वेगळे आणि वर्षातले निम्मे दिवस बर्फाने कोंडलेल्या खोऱ्यातून ते देशभर विकणे वेगळे. १९६६ मध्ये लाहौलच्या शेतकऱ्यांनी स्वतःची सहकारी संस्था काढली. प्रतवारी, वाहतूक, विक्री हे सगळे तिने आपल्या हाती घेतले. एके काळी दारिद्र्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या या खोऱ्याच्या पुढच्या समृद्धीत या संस्थेचा वाटा मोठा आहे. ही यशोगाथा निर्दोष नाही. सहकारी संस्थांचे सगळे रोग तिलाही जडले आणि पुढे शेतकरी वाटाणा, फुलकोबीकडे वळले. तरी तिने एक गोष्ट सिद्ध केली. दुर्गम भागातल्या पिकाची किंमत शेतकऱ्याच्या हाती राहायची असेल, तर विक्रीची सूत्रे त्याच्या हाती असली पाहिजेत. ऑक्टोबर २०२० मध्ये अटल बोगदा खुला झाल्यापासून लाहौल बाराही महिने मैदानाशी जोडले गेले आहे. तिथल्या छरम्याला याचा लाभ होऊ शकतो, आणि दलालालाही.

तेव्हा करायचे काय? नवी मोहीम जाहीर करण्याआधी चार साध्या गोष्टी कराव्यात. लडाख, लाहौल, उत्तराखंड आणि सिक्कीममधील नैसर्गिक रानांचा गाववार नकाशा करून त्यांवरचे गावाचे परंपरागत हक्क लेखी मान्य करावेत. लागवडीचे अनुदान त्यानंतर. रोपवाटिकांनी लिंग आणि मूळ झाड यांची खात्री असलेलीच रोपे द्यावीत आणि प्रत्येक रोपाचे मूळ गाव नोंदवावे. म्हणजे पुढे लाभवाटपाचा प्रश्न आला तर उत्तर दप्तरात सापडेल. गर गाळण्याची आणि साठवण्याची छोटी केंद्रे खोऱ्याखोऱ्यांत, फळ तोडणाऱ्या गटांच्या मालकीची असावीत. तेल काढण्यासारखी मोठी प्रक्रिया लेह-कारगिलमध्ये व्हावी. आणि सैन्याने, जो या प्रदेशातला सर्वांत मोठा आणि सर्वांत खात्रीचा ग्राहक आहे, आपल्या खरेदीचा एक ठरावीक भाग या गटांकडून, हंगामाआधी जाहीर केलेल्या दराने घ्यावा. हे पेय प्रथम जवानांसाठीच सिद्ध झाले होते. त्यामुळे ही मागणी अवाजवी नाही. लेहची स्वायत्त पर्वतीय विकास परिषद १९९५ पासून आणि कारगिलची २००३ पासून काम करते आहे. या चारही गोष्टींची अंमलबजावणी त्यांच्याकडे सोपवायला नवा विभाग, नवे महामंडळ, नवी इमारत यांतले काहीही लागणार नाही. बहुधा म्हणूनच ते कोणाला सुचत नसावे.

चीन आणि रशियाच्या अनुभवातून आणखी एक गोष्ट घेता येईल. दोघांनीही हे झुडूप कशासाठी हवे, ते आधी ठरवले. आपण एकाच वेळी माती अडवणे, सैनिकांचे आरोग्य, निर्यात, रोजगार आणि सौंदर्यप्रसाधने एवढे सगळे त्याच्याकडून मागतो आहोत. या हेतूंमध्ये विरोध आहे. मातीसाठी लावलेले झुडूप दाट, काटेरी आणि पसरणारे हवे. बागेतले विरळ, बिनकाट्याचे आणि आवरलेले. नदीकाठची राने मातीसाठी, पशुपक्ष्यांसाठी आणि गावाच्या मर्यादित तोडणीसाठी राखून, बागा वेगळ्या जमिनीवर कराव्यात, हा विवेक आत्ताच दाखवला नाही, तर सर्वांत सोयीचा मार्ग म्हणून तयार रानेच बागा समजून पिळली जातील. तिथे हिवाळ्यात चरणाऱ्या जनावरांना आणि फळांवर जगणाऱ्या पक्ष्यांना दुसरे रान नाही.

मूरक्रॉफ्टने प्रँगोसच्या बिया इंग्लंडला पाठवल्या, पण ती वनस्पती ज्या उतारांवर वाढत होती, ज्या माणसांनी ती कधी कापायची आणि कशी वाळवायची हे शिकून घेतले होते, त्यांना कोणी बोलावले नव्हते. सीबकथॉर्नच्या बाबतीत ती संधी अजून गेलेली नाही. नुब्रा आणि सुरूच्या रानांत दर शरदात फळे अजून त्याच बायका झोडपून काढतात. कोणते झुडूप गोड, कोणते लवकर पिकणारे, कोणत्या रानात तीन वर्षे हात लावायचा नाही, हे त्यांना ठाऊक आहे. पुढच्या बैठकीत लागवडीचे लक्ष्य हेक्टरांत ठरवण्यापूर्वी त्यांच्यापैकी चौघीजणींना टेबलाभोवती बसवावे आणि एका किलो गराचा दर काय असावा, हे आधी त्यांना विचारावे.